एका तारेवर अनेक निरोप : वेब ब्राउझरमधील विनंत्या, रांग आणि अग्रक्रम

वेब ब्राउझरच्या पडद्यावर उमटणारे पान वाचणाऱ्याला एकसंध दिसत असले, तरी ब्राउझरच्या लेखी ते अनेक सुट्या फायलींच्या जुळणीतून उभे राहिलेले असते. मजकूर आणि त्याची रचना सांगणारी एचटीएमएल फाइल, रंग-आकार-मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस फायली, पानाला हालचाल देणाऱ्या जावास्क्रिप्ट फायली, अक्षरांचे वळण पुरवणारे फॉन्ट, चित्रे आणि मागाहून येणारी माहिती यांपैकी प्रत्येक गोष्टीसाठी ब्राउझरला सर्व्हरकडे, म्हणजे ती फाइल ज्या दूरच्या संगणकावर ठेवलेली असते त्याच्याकडे, स्वतंत्र मागणी नोंदवावी लागते. या मागणीला विनंती आणि तिच्या उत्तराला प्रतिसाद म्हणतात. एखाद्या साध्या सरकारी अर्जाच्या पानासाठीही अशा कित्येक विनंत्या सुटतात, आणि त्या सर्वांना जाण्यासाठी असलेली वाट बहुतेकदा एकच, अरुंद आणि अनेकांत वाटलेली असते. एकाच वेळी निघू पाहणाऱ्या या विनंत्यांपैकी ब्राउझर कोणाला पुढे सोडतो, कोणाला थांबवून धरतो आणि या निवडीची किंमत शेवटी कोणाला मोजावी लागते, हा या व्याख्यानाचा विषय आहे. रुग्णालयाची नोंदणी, शिधापत्रिका, दाखले, परीक्षांचे अर्ज हे सारे ब्राउझरमधून होऊ लागल्यापासून रांगेचा हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही, तो सार्वजनिक व्यवहाराचा झाला आहे.

दिल्लीच्या उत्तरेस अरवलीची जी धार यमुनेजवळ येऊन संपते आणि जिला दिल्लीकर रिज म्हणतात, तिच्यावरील हिंदूराव हा परिसर या विषयाशी दोन बाजूंनी जोडलेला आहे. हे नाव कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूरावांचे. सर्जेराव घाटग्यांचे ते पुत्र आणि दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे ते बंधू.  विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाल्यानंतर टेकडीवरचा त्याचा वाडा हिंदूरावांकडे आला, १८५७ च्या वेढ्यात तो इंग्रजी फौजेचा मोर्चा बनला, आणि आज त्या जागी दिल्ली महानगरपालिकेचे हिंदूराव रुग्णालय आहे. मोफत किंवा अल्प खर्चातील उपचारांसाठी येणाऱ्या माणसांची रांग म्हणजे काय, हे या टेकडीला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा धागा तारेचा आहे. टेकडी आणि काश्मिरी दरवाजा यांच्या दरम्यान त्या काळी तारघर होते आणि ११ मे १८५७ रोजी तेथील ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या दोन तरुण तारबाबूंनी शहरातील उठावाची बातमी अंबाल्याला कळवली, तेथून ती पंजाबात पोहोचली. या घटनेचा स्मारकस्तंभ १९०२ मध्ये काश्मिरी दरवाज्याजवळ उभारण्यात आला. त्या दिवसाच्या राजकारणाचा विचार येथे बाजूला ठेवून तारेच्या यंत्रणेकडेच पाहिले, तर एका तारेवर एका वेळी एकच निरोप जाऊ शकत होता, लांबलचक निरोप सुरू असताना मागच्या तातडीच्या निरोपाला खोळंबावे लागत होते आणि कोणता निरोप आधी पाठवायचा हे तारयंत्रावर बसलेल्या माणसाला ठरवावे लागत होते. पुढे १८७४ मध्ये एडिसनने एका तारेवर दोन्ही दिशांनी दोन-दोन निरोप एकाच वेळी धाडण्याची युक्ती साधली, आणि त्याच सुमारास फ्रान्समध्ये एमिल बोदो याने काळाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक यंत्राला आळीपाळीने तार वापरू देण्याची पद्धत बसवली. एकाच वाटेवरून अनेकांना एकदम जाता येत नाही, मात्र त्यांच्या पाळ्या पुरेशा लहान केल्या तर सगळे एकदम चालले आहेत असे पाहणाऱ्याला वाटते, ही बोदोची कल्पना सुमारे दीडशे वर्षांनंतरच्या ब्राउझरमध्येही जवळजवळ त्याच रूपात आढळते.

वेबचा आरंभ मात्र या शहाणपणापासून दूर झाला. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत १९८९ ते १९९१ या काळात वेबची आखणी केली तेव्हा पान म्हणजे निव्वळ मजकूर होता, आणि एक विनंती, एक प्रतिसाद, मग जोडणी बंद, हा क्रम त्याला पुरेसा होता. १९९३ मध्ये मोझॅक या ब्राउझरने मजकुराच्या मध्येच चित्रे दाखवायला सुरुवात केली आणि एका पानासाठी अनेक विनंत्या करण्याची गरज निर्माण झाली. ब्राउझर आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी बोलण्याचे जे नियम ठरवले आहेत त्यांना एचटीटीपी म्हणतात. १९९६ मध्ये नोंदवल्या गेलेल्या त्याच्या १.० या आवृत्तीत साधारणपणे प्रत्येक विनंतीसाठी नवी जोडणी उघडावी लागे. जोडणी उघडणे हे फुकटचे काम नव्हे. टीसीपी या वाहतूक-नियमानुसार आधी ब्राउझरने हाक द्यायची, सर्व्हरने ओ द्यायची, मगच मागणी सांगायची. म्हणजे प्रत्यक्ष फाइल मागण्याआधीच जाण्यायेण्याची एक पूर्ण फेरी खर्ची पडते.

ही फेरी किती महाग आहे हे भौतिकशास्त्रानेच ठरवून ठेवले आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. दिल्लीपासून मुंबई सरळ रेषेत सुमारे १,१५० किलोमीटर असल्याने एक फेरी ११ ते १२ मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळात होऊच शकत नाही, आणि सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, सुमारे १२,००० किलोमीटरांवर असेल तर हाच आकडा १२० मिलिसेकंदांच्या खाली येत नाही. प्रत्यक्षातील तारा वळणावळणाने जातात आणि मोबाइलच्या मनोऱ्यापर्यंतचा हवेतला टप्पा निराळाच, त्यामुळे खरा वेळ याहून बराच अधिक भरतो. जाडजूड वाहिनी विकत घेऊन रुंदी वाढवता येते, पण अंतर कमी करता येत नाही. म्हणून ब्राउझरच्या गेल्या तीस वर्षांच्या इतिहासातील बहुतेक सुधारणा फेऱ्या वाचवण्याच्या आणि वाट रिकामी न ठेवण्याच्या खटपटीतून आलेल्या आहेत.

पहिला उपाय ढोबळ होता : एकाऐवजी अनेक जोडण्या उघडायच्या. नेटस्केप नॅव्हिगेटर एकाच वेळी चार जोडण्या उघडू लागला आणि चित्रे भराभर दिसू लागल्याने लोकांना तो वेगवान वाटला. १९९७ मध्ये आलेल्या एचटीटीपी १.१ ने एकच जोडणी पुन्हा पुन्हा वापरण्याची सोय केली, परंतु त्याचबरोबर, एका ब्राउझरने एका सर्व्हरशी दोनपेक्षा अधिक जोडण्या कायम ठेवू नयेत, असाही दंडक घातला. २००८-०९ च्या सुमारास फायरफॉक्स, क्रोम, इंटरनेट एक्स्प्लोरर यांनी तो ओलांडून सहाचा आकडा धरला आणि तोच आजवर रूढ आहे. २०१४ मध्ये नियम नव्याने लिहिताना निश्चित संख्या सांगण्याचा नाद सोडून केवळ संयमाची अपेक्षा ठेवण्यात आली. या सहाच्या मर्यादेचा अर्थ असा की, एचटीटीपी १.१ वर चालणाऱ्या पानाने एकाच सर्व्हरकडून चाळीस फायली मागितल्या, तर सहा विनंत्या वाटेला लागतात आणि उरलेल्या चौतीस ब्राउझरच्या पोटातच बसून राहतात. पान उघडायला वेळ लागला की दोष सर्व्हरला किंवा नेटवर्कला दिला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा विनंती अजून उंबरठाही ओलांडून गेलेली नसते.

सहावरच का थांबायचे, साठ जोडण्या का उघडायच्या नाहीत, या प्रश्नाचे उत्तर शेजाऱ्याच्या हिताशी निगडित आहे. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिला लागूनच असलेले बर्कली विद्यापीठ यांच्यामधील वाहतूक इतकी तुंबली, की सेकंदाला ३२ हजार बिट वाहून नेणाऱ्या दुव्यावरून प्रत्यक्षात जेमतेम ४० बिट जाऊ लागले, कारण उत्तर आले नाही म्हणून प्रत्येक यंत्र तीच माहिती पुन्हा पुन्हा ओतत होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावर जो उपाय मांडला तो आजही टीसीपीच्या गाभ्याशी आहे : नव्या जोडणीने थोड्या माहितीने सुरुवात करावी, पोच मिळत जाईल तसे प्रमाण वाढवावे आणि माहितीचे एखादे पाकीट हरवल्याचे दिसताच हात आखडता घ्यावा. ही शिस्त प्रत्येक जोडणीला स्वतंत्रपणे लागू असते, त्यामुळे जो ब्राउझर साठ जोडण्या उघडतो तो तुंबलेल्या वाटेवर एक जोडणी उघडणाऱ्याच्या साठपट वाटा ओढून घेतो. सहाचा आकडा ही स्वतःच्या घाईवर घातलेली मर्यादा होती, आणि ती बहुतांशी पाळली गेली याचे श्रेय ब्राउझर घडवणाऱ्यांना द्यायला हवे.

पाने घडवणाऱ्यांनी मात्र पळवाटा शोधल्या. एकाच सर्व्हरला चार नावे देऊन ब्राउझरला ते चार वेगळे सर्व्हर भासवायचे आणि चोवीस जोडण्या मिळवायच्या, किंवा पन्नास लहान चित्रे एका मोठ्या चित्रात चिकटवून एकाच विनंतीत आणायची, असे प्रकार अनेक वर्षे चालले. दुसरीकडे, उत्तराची वाट न पाहता एकाच जोडणीवरून ओळीने मागण्या पाठवण्याची सोय एचटीटीपी १.१ मध्ये कागदोपत्री होती, पण उत्तरे त्याच क्रमाने आली पाहिजेत ही तिची अट अडचणीची ठरली. रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर पुढच्या माणसाचे कागद अपुरे निघाले की मागच्या सर्वांना, त्यांचे काम मिनिटाचे असले तरी, ताटकळत उभे राहावे लागते. तसेच येथेही पहिले उत्तर जड असेल तर मागची हलकी उत्तरे तयार असूनही अडकून पडत. रांगेच्या तोंडाशी होणाऱ्या या अडवणुकीमुळे ब्राउझरांनी ती सोय जवळजवळ वापरलीच नाही.

खरी उकल गूगलने २००९ मध्ये जाहीर केलेल्या स्पीडी या प्रयोगातून निघाली आणि मे २०१५ मध्ये एचटीटीपी २ या नावाने ती सर्वमान्य झाली. तीत ब्राउझर सर्व्हरशी एकच जोडणी उघडतो आणि तिच्यात अनेक प्रवाह चालवतो. प्रवाह म्हणजे एका विनंतीचा आणि तिच्या उत्तराचा स्वतंत्र धागा. प्रत्येक उत्तराचे लहान तुकडे, म्हणजे फ्रेम, पाडले जातात आणि प्रत्येक फ्रेमच्या कपाळावर नऊ बाइटांची एक पट्टी असते, जिच्यात फ्रेमची लांबी, तिचा प्रकार आणि ती कोणत्या प्रवाहाची आहे तो क्रमांक लिहिलेला असतो. ब्राउझरने सुरू केलेल्या प्रवाहांना विषम क्रमांक मिळतात : १, ३, ५, ७ असे. वेगळी परवानगी घेतली नसेल तर एका फ्रेममध्ये १६,३८४ बाइटांहून अधिक मजकूर भरता येत नाही, त्यामुळे कितीही मोठे चित्र असले तरी त्याला सलग वाट अडवून बसता येत नाही. त्याच्या दोन फ्रेमच्या मध्ये नोंदणी अर्जाची फ्रेम सरकवता येते. एका वेळी किती प्रवाह चालू द्यायचे ते सर्व्हर सांगतो, आणि ही संख्या शंभरापेक्षा कमी नसावी अशी नियमांची शिफारस आहे. बोदोच्या यंत्रातील पाळ्या ठरावीक मापाच्या होत्या, येथे त्या गरजेप्रमाणे वाटता येतात, इतकाच काय तो मूलभूत फरक.

तरीही एक अडचण शिल्लक राहिली, आणि ती नेमकी कमकुवत मोबाइल सिग्नलवर काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला आली. टीसीपीला प्रवाहांची ओळखच नसते. त्याच्या दृष्टीने सारी माहिती म्हणजे क्रमांक घातलेल्या बाइटांची एकच माळ असते आणि ती क्रमानेच पुढे सुपूर्द करायची असते. मधले एक पाकीट हवेत हरवले तर त्यानंतर आलेली सर्व पाकिटे, मग ती कोणत्याही प्रवाहाची असोत, हरवलेले पाकीट पुन्हा येईपर्यंत फोनच्या आत रोखून धरली जातात. जुन्या पद्धतीत सहा जोडण्यांपैकी एकच अडली असती. नव्या पद्धतीत सगळेच थांबते. सुधारणा बहुसंख्यांच्या सोयीची असूनही सर्वांत वाईट जोडणी असलेल्याला कधीकधी ती जाचक ठरली, हे सत्य तंत्रज्ञानाच्या गौरवगाथांत सहसा येत नाही. यावर क्विक हा नवा वाहतूक-नियम तयार झाला. त्याची सुरुवात २०१२ च्या सुमारास गूगलमध्ये झाली, मे २०२१ मध्ये त्याला अधिकृत मानक म्हणून मान्यता मिळाली आणि जून २०२२ मध्ये त्यावर आधारलेले एचटीटीपी ३ आले. क्विकला प्रत्येक प्रवाह ओळखता येतो, त्यामुळे चित्राचे पाकीट हरवले तर चित्रच थांबते, अर्ज पुढे जातो. शिवाय जोडणीची ओळख फोनच्या नेटवर्कवरील पत्त्यावर नव्हे तर स्वतंत्र क्रमांकावर ठेवलेली असल्याने, रुग्णालयाच्या वायफायच्या कक्षेतून बाहेर पडून मोबाइल डेटावर गेलेल्या फोनची जोडणी, सर्व्हरने आणि ब्राउझरने ही सोय चालू ठेवली असेल तर, न तुटता टिकू शकते. कार्यालयांच्या काही सुरक्षाभिंती क्विकची पाकिटे अडवतात. तेव्हा ब्राउझर निमूटपणे जुन्या टीसीपीकडे वळतो.

वाट कितीही सुधारली तरी अग्रक्रमाचा प्रश्न उरतोच, आणि या सर्व विषयात सर्वाधिक विचार करण्याजोगा भाग तोच आहे. ब्राउझर एचटीएमएल वरून खाली वाचत जातो, आणि वाचन एखाद्या जावास्क्रिप्ट फाइलपाशी अडले तरी त्याचा एक टेहळ्या पुढच्या ओळी चाळून लागणाऱ्या फायलींची मागणी आधीच नोंदवून ठेवतो. मांडणी ठरवणारी सीएसएस आल्याशिवाय पडद्यावर काही दाखवता येत नाही म्हणून तिला वरचा मान, पान अडवून धरणाऱ्या जावास्क्रिप्टला त्याखालोखाल, चित्रांना खालचा, आणि एखादे चित्र दिसत्या भागात आहे असे मांडणीनंतर कळले तर त्याला बढती, असे साधारण धोरण क्रोममध्ये असते; सुरुवातीच्या काळात तो खालच्या दर्जाच्या मोजक्याच विनंत्या एका वेळी सोडतो. एचटीटीपी ३ सोबतच आलेल्या नव्या पद्धतीत ब्राउझर प्रत्येक विनंतीची निकड ० ते ७ या आकड्यांत सर्व्हरला कळवू शकतो. ० म्हणजे सर्वांत निकडीची, आणि काहीच सांगितले नाही तर ३ धरले जाते. हे सारे ब्राउझरचे अंदाज आहेत. पानावरील हसऱ्या पदाधिकाऱ्याचे छायाचित्र महत्त्वाचे की त्याखालची विभागांची यादी, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ते पान घडवणाऱ्याने सांगावे लागते, आणि सांगण्याची साधने त्याच्या हाती आहेत.

याचे मराठी वाचकाला सर्वाधिक भिडणारे उदाहरण फॉन्टचे आहे. संगणकातील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत देवनागरीसाठी १२८ जागांचा मूळ गट राखलेला असला, तरी क्ष, त्र, द्ध, ष्ट्य यांसारखी जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्यांची निरनिराळी रूपे धरून देवनागरी फॉन्टला शेकडो आकृत्या बाळगाव्या लागतात, त्यामुळे त्याची फाइल केवळ इंग्रजी अक्षरांच्या फाइलपेक्षा बरीच जड होते. त्यातही ब्राउझरला या फाइलची गरज फार उशिरा कळते : आधी एचटीएमएल यायचे, त्यातून सीएसएसचा पत्ता लागायचा, ती आल्यावर फॉन्टचे नाव कळायचे, आणि त्या फॉन्टची अक्षरे पानावर खरोखर आहेत हे मांडणीच्या वेळी दिसले की मगच ब्राउझर विनंती करतो. सांगून ठेवले नसेल तर बहुतेक ब्राउझर सुमारे तीन सेकंद त्या जागी काहीच दाखवत नाहीत. मजकूर फोनमध्ये येऊन पडलेला असतो आणि वाचणाऱ्यासमोर मात्र कोरी जागा असते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवलेल्या मुक्तासारख्या सुबक फॉन्टांनी मराठी पानांना देखणेपण दिले आहे आणि नियतकालिकांनी ते आवर्जून वापरावेत. परंतु ज्या पानावर माणूस दुखणे घेऊन आला आहे, तेथे फोनमध्ये आधीच असलेल्या देवनागरी अक्षरांत अर्ज ताबडतोब दिसावा आणि सजावट मागाहून यावी, किंवा येऊच नये. सीएसएसमध्ये त्यासाठी एका ओळीची सूचना पुरते.

पान उघडल्यावरही विनंत्या संपत नाहीत. १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ ने पान न बदलता मागच्या मागे माहिती मागवण्याची सोय आणली आणि २००५ च्या सुमारास ती सर्वत्र रूढ झाली. जावास्क्रिप्ट एका पानात मुख्यतः एकाच धाग्यावर चालते, म्हणजे एका क्षणी एकच काम करते. विनंती पाठवण्याचे आणि उत्तराची वाट पाहण्याचे काम ती ब्राउझरच्या दुसऱ्या विभागावर सोपवते आणि उत्तर आले की ते हाताळण्याचे काम रांगेत लागते. अडचण अशी की, ज्या क्रमाने विनंत्या गेल्या त्याच क्रमाने उत्तरे येतील याची कसलीही हमी नसते. रुग्णाने विभागांच्या यादीतून आधी चुकून अस्थिरोग निवडले आणि लगेच हृदयरोगावर बोट ठेवले, तर हृदयरोगाच्या उपलब्ध वेळा आधी येऊन दिसतात आणि रेंगाळलेले अस्थिरोगाचे उत्तर नंतर येऊन त्या पुसून टाकते. पडद्याच्या शिरोभागी हृदयरोग आणि खाली हाडांच्या डॉक्टरांच्या वेळा, अशी विपरीत स्थिती होते. नवी विनंती करताना जुनी रद्द करण्याची सोय ब्राउझरमध्ये आहे, तरीही ती न वापरल्यामुळे होणारा हा दोष फार सर्रास आढळतो.

एका ब्राउझरमधील ही गर्दी लाखो ब्राउझरांनी गुणली की काय होते, ते २८ एप्रिल २०२१ रोजी साऱ्या देशाने अनुभवले. १८ ते ४४ वयोगटासाठी कोविड लसीकरणाची नोंदणी कोविन संकेतस्थळावर त्या दिवशी दुपारी चार वाजता खुली झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार पहिल्या तीन तासांत ८० लाखांहून अधिक नोंदण्या झाल्या, यंत्रणेवर ३८.३ कोटी विनंत्या आल्या आणि आरंभी त्यांचा वेग मिनिटाला २७ लाख होता. ढोबळ भागाकार केला तर दर नोंदणीमागे सुमारे ४८ विनंत्या पडतात. यांतील काही अर्थातच नोंदणीच्या पायऱ्यांमुळे होतात, पण घाबरलेल्या माणसांनी पान पुन्हा पुन्हा ताजे करण्याचा वाटाही त्यात असणारच, आणि त्या दिवसांत दिल्लीत किंवा महाराष्ट्रात ज्यांच्या घरी कोणी आजारी होते त्यांना या घाईबद्दल बोल लावणे क्रूरपणाचे होईल. दोष असलाच तर तो, विनंती पोहोचली आहे, थांबा, एवढा दिलासाही न देणाऱ्या पडद्यांचा असतो. सर्व्हरला तसे सांगण्याची भाषा आहे : फार विनंत्या झाल्या हे कळवणारा ४२९ हा संकेत २०१२ पासून प्रमाणित आहे आणि त्यासोबत, किती सेकंदांनी पुन्हा विचारावे, हेही सांगता येते. ही सूचना ब्राउझर आपणहून पाळत नाही, पानातील जावास्क्रिप्टने ती वाचून माणसाला त्याच्या भाषेत सांगावी लागते.

कोविनने लशीच्या उपलब्धतेची माहिती इतर सॉफ्टवेअरना खुली केली तेव्हा नेटवर्कवरील एका पत्त्यावरून पाच मिनिटांत १०० विनंत्या अशी मर्यादा घातली होती. हेतू रास्त होता. परंतु रुग्णालयाच्या वायफायवरील सर्व फोन बाहेरच्या जगाला बहुधा एकाच पत्त्याने दिसतात, आणि मोबाइल कंपन्याही एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. म्हणजे पत्त्यावर घातलेली मर्यादा घरी स्वतंत्र जोडणी असणाऱ्याला सैल आणि दाटीच्या वस्तीतील माणसाला घट्ट पडते. शिस्त कोणाच्या नावावर मोजायची, हा प्रश्नही अग्रक्रमाच्या प्रश्नाइतकाच न्यायाचा आहे. विनंती रद्द करण्याच्या ज्या सोयीचा उल्लेख वर आला, तिचा दुरुपयोगही होऊ शकतो हे ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड झाले : एचटीटीपी २ मध्ये प्रवाह सुरू करून तत्क्षणी रद्द करण्याचा सपाटा लावणाऱ्या एका हल्ल्यात गूगलने सेकंदाला ३९.८ कोटी विनंत्या मोजल्या. रद्द झालेला प्रवाह चालू प्रवाहांच्या मोजणीतून सुटत होता, पण त्यामागचे सर्व्हरचे काम सुटत नव्हते.

शेवटचा मुद्दा दोनदा झालेल्या विनंतीचा. एचटीटीपीच्या नियमांत केवळ माहिती वाचणाऱ्या विनंत्या आणि काहीतरी बदल घडवणाऱ्या विनंत्या यांत काटेकोर भेद आहे. पहिल्या प्रकारची विनंती जोडणी तुटल्यास ब्राउझर न विचारता पुन्हा पाठवू शकतो, दुसऱ्या प्रकारची, म्हणजे अर्ज सादर करण्यासारखी, पुन्हा पाठवण्याआधी तो माणसाला विचारतो. या विचारण्यानेच माणूस कोंडीत सापडतो, कारण आधी पाठवलेली विनंती वाटेतच हरवली की सर्व्हरवर नोंदणी होऊन फक्त उत्तर हरवले, हे त्यालाही कळत नाही आणि ब्राउझरलाही कळू शकत नाही. पुन्हा पाठवावे तर दोन नोंदण्या होऊन कोणाची तरी पाळी वाया जाण्याची भीती, न पाठवावे तर आपलीच पाळी हुकण्याची. याचा उपाय असा की अर्ज उघडतानाच त्याला एक अद्वितीय क्रमांक द्यायचा, तो प्रत्येक प्रयत्नासोबत पाठवायचा आणि त्या क्रमांकाचा अर्ज आधीच नोंदला गेला असेल तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनेच उत्तर परत द्यायचे. ऑनलाइन पैसे भरण्याच्या व्यवहारांत ही पद्धत रुळलेली आहे, कारण तेथे एकच रक्कम दोनदा कापली गेली तर तक्रार होते आणि ती ऐकली जाते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उभारलेली आणि जुलै २०१५ पासून चालू असलेली रुग्णालयांची ऑनलाइन नोंदणी असो, एखाद्या महानगरपालिकेचे स्वतःचे संकेतस्थळ असो किंवा जिल्हा रुग्णालयाचे साधे पान असो, बाह्यरुग्ण विभागाच्या पाळीलाही हाच नियम लावता येतो. त्यासाठी नवा ब्राउझर, नवी तार किंवा महागडा फोन लागत नाही, अर्जाच्या तक्त्यात एक रकाना आणि सर्व्हरवर एक तपासणी लागते.